संगणकाचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा झाला म्हणजे आधीं मूर्ति सुरक्षित ठेवावयाची आणि मगच भिंतीला हात लावावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. भिंत पडली तर ती पुन्हां उभी करितां येते. मूर्तीचें तसें नाहीं. घरांतील संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे तरुण मंडळी जिला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात ती, बदलतांना हीच रीत पाळावी. आणि काम अर्ध्यावर अडलें तर ती अधिकच कटाक्षानें पाळावी.

मुळशी तालुक्यांतील हिंजवडी हें मूळचें म्हातोबाचें गांव. आतां राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळें त्याचें नांव देशोदेशीं गेलें आहे. येथील उंच इमारतींतून सकाळीं मुलगे आणि सुना कचेरीला बाहेर पडले म्हणजे मागें राहतात ते आम्हांसारखे वडीलधारे आणि टेबलावरचा संगणक. जगाचे संगणक सुधारणारे हात दिवसभर घराबाहेर असतात, आणि घरचा संगणक नेमका दुपारीं अडतो!

हा प्रश्न अलीकडे घरोघरीं उद्भवण्याचें कारण असें: मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २९ जुलै २०१५ रोजीं आणलेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. त्या दिवशीं यंत्रें बंद पडलीं नाहींत. परंतु सुरक्षिततेच्या नित्य दुरुस्त्या थांबल्या, तेव्हां पुष्कळांनी विंडोज ११ ची वाट धरिली. या नव्या प्रणालीला निदान ४ जीबी स्मृति, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. ही शेवटची सोय कित्येक यंत्रांत असूनहि निजलेली असते. बायॉसमध्यें जाऊन ती जागी करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत तिला ‘पीटीटी’ व एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ म्हणतात. मात्र तेथें हात घालण्यापूर्वीं डिस्क कुलूपबंद आहे कीं काय तें पाहावें, आणि असल्यास तिची ४८ आंकड्यांची ‘रिकव्हरी की’ कागदावर उतरून घ्यावी. किल्ली नसतां कुलूप बसलें तर आंतील ऐवज गेलाच म्हणून समजावें.

आतां अपग्रेड फसतें म्हणजे काय होतें? हें काम चार टप्प्यांनी होतें. पहिला टप्पा जुन्या प्रणालींतच पार पडतो. दुसऱ्यांत यंत्र एका तात्पुरत्या, मर्यादित प्रणालींत शिरतें. तिसऱ्या व चौथ्यांत नवी प्रणाली प्रथम व पुन्हां सुरू होते. मध्यें कोठें अडलें तर केलेले बदल मागें घेत असल्याची सूचना पडद्यावर येते आणि बहुधा जुनी प्रणाली जशीच्या तशी परत येते. ही माघार चाललेली असतां अधीर होऊन वीज बंद करणें हा सर्वांत मोठा अविचार होय.

माघार पूर्ण झाल्यावर पडद्यावर दोषाचा अंक दिसतो, तो लिहून घ्यावा. ‘०एक्स८००७००७०’ असेल तर डिस्कवर जागा अपुरी आहे. ‘०एक्ससी१९००१०१’ असेल तर बहुधा एखाद्या ड्रायव्हराचा, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालविणाऱ्या लहानशा प्रोग्रामाचा, दोष असतो. त्यापुढें जो दुसरा अंक येतो, त्यांत ‘एक्स’नंतर २, ३ वा ४ असेल त्या टप्प्यांत काम अडलें असें जाणावें.

यापुढें आपल्या शास्त्रकारांचा सूचीकटाहन्याय उपयोगी पडतो. लोहाराकडे एकानें कढई आणि दुसऱ्यानें सुई मागितली, तर तो आधीं सुई करून देतो. तसेंच येथें सोपे उपाय आधीं करावेत: जागा मोकळी करावी, कळफलक व माऊस सोडून बाकी जोडण्या काढाव्यात, ड्रायव्हर अद्ययावत् करावेत. डिस्क पुसून नव्यानें आरंभ करणें ही कढई होय, ती शेवटीं.

आमच्या शेजारीं एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्या संगणकाचें अपग्रेड दोन वेळां चौथ्या टप्प्यांत फसलें. दुरुस्तीच्या माणसानें सांगितलें, “फॉर्मॅट मारून टाकूं.” त्या डिस्कवर त्यांनी अकरा वर्षें गांवोगांव पत्रें धाडून जमविलेलें कुलवृत्तांताचें साहित्य होतें, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती! आम्ही दोघांनी प्रथम तें बाहेरच्या डिस्कवर उतरविलें आणि चार फायली उघडून प्रत नीट उतरल्याची खातरी केली. मग अन्वय-व्यतिरेकाचा मार्ग धरिला. कारण असतां कार्य होतें, हा अन्वय. कारण काढल्यास कार्य होत नाहीं, हा व्यतिरेक. म्हणून एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची. प्रिंटर काढला, तरी अपग्रेड फसलें. मग बाहेरून घातलेला व्हायरसरोधक प्रोग्राम काढला. अपग्रेड तडीस गेलें. प्रिंटर पुन्हां जोडला, तो निमूटपणें चालूं लागला. दोन्ही एकदम काढले असते, तर निरपराध प्रिंटर भंगारांत गेला असता.

अशा पाहुण्याचा प्रताप जगानेंहि पाहिला आहे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळें सुमारें ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतांत कांहीं प्रवाशांना विमानाचे पास हातानें लिहून द्यावे लागले. उपाय काय, तर यंत्र ‘सेफ मोड’मध्यें सुरू करून ती एक फाइल काढणें. सगळें पुसण्याचें कारणच नव्हतें.

अपग्रेड तडीस गेलें म्हणूनहि निश्चिंत होऊं नये. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या एका अपग्रेडनें कांहीं लोकांच्या फायलीच नाहींशा झाल्या, आणि कंपनीला तें वाटप थोड्याच दिवसांत थांबवावें लागलें. यास्तव प्रत आधींच पाहिजे. मागाहून धांवाधांव करणें म्हणजे वरातीमागून घोडें. नवी प्रणाली पसंत न पडल्यास सामान्यतः १० दिवसांच्या आंत जुनीकडे परततां येतें, तोंवर ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर पुसूं नये.

आणि यंत्रच इतकें जुनें असेल कीं तें अटींत बसत नाहीं, तर त्याच्याशीं झटापट करूं नये. त्यावर लिनक्सची एखादी मोफत प्रणाली घालतां येते. पत्रलेखन, वाचन व हिशेब यांस ती पुरेशी आहे.

मुलें सायंकाळीं थकून घरीं येतात. त्यांच्यापुढें “संगणक बिघडला” एवढेंच वाक्य ठेवण्यापेक्षां दोषाचा अंक, टप्पा आणि काय काय करून पाहिलें याची चिठ्ठी ठेवावी. त्यांचे श्रम निम्म्यानें कमी होतील. आणि ज्या घरीं अद्याप कांहींच अडलेलें नाहीं, त्यांनी आज दिवेलागणीपूर्वीं आपल्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरून ती कपाटांत ठेवावी.