डबा उघडून द्या ना, बाई!

आपल्याकडे बी.एड.ला पाठ घ्यावे लागतात. मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई वही घेऊन बसतात आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या नवशिक्या शिक्षिकेचे हातपाय गार पडतात. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि पस्तिशीत शिक्षणशास्त्राच्या अभ्यासाला बसले, तेव्हा मलाही हे चुकले नाही. फक्त माझे पाठ झाले ते २०१८ साली, स्पॅनिश बोलणाऱ्या इक्वेडोर देशात, कुएन्का शहरातल्या एका प्राथमिक शाळेत.

कुएन्का अँडीज पर्वतात, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरचा वर्ग गाठेपर्यंत मला धाप लागली. हजेरी घेऊ लागले तर प्रत्येक मुलाला दोन आडनावे, एक वडिलांचे आणि एक आईचे! माझ्या लहानपणी आमच्या हजेरीपटावर आईला कुठे जागा होती? मुले मला 'प्रोफे' म्हणत. ऐकू आले नाही की 'मान्दे?' विचारत, शब्दशः अर्थ, 'आज्ञा करा'. ही अदब पाहून मी विरघळलेच.

माझे काम इंग्रजी शिकवण्याचे. पण चार वर्षे घोटलेल्या स्पॅनिशचा मला भारी अभिमान. एकदा मधल्या सुट्टीत सात वर्षांची एक मुलगी डबा पुढे करून म्हणाली, "प्रोफे, देमे आब्रिएन्दो." शब्दशः, 'मला उघडत द्या'. माझ्या पुस्तकात असे वाक्य नव्हते. मी डबा हातात घेतलाच नाही. आधी फळ्यावर 'शुद्ध' वाक्य लिहिले, तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. बाकीची मुले हसली. मग झाकण उघडले.

दुसऱ्या दिवसापासून ती डबा मैत्रिणीकडे नेऊ लागली. माझ्या तासाला हात वर करीनाशी झाली.

आठवड्याने मार्गदर्शक बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती चुकली नव्हती. या डोंगराळ भागात सगळे असंच बोलतात, मीसुद्धा. नुसतं 'उघडा' म्हटलं तर हुकूम वाटतो. 'देमे' आलं की विनंती होते. किचुआ या इथल्या जुन्या भाषेची ही लकब आहे." मग सहज विचारले, "तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"डबा उघडून द्या," मी म्हणाले आणि थबकलेच. उघडून... द्या! लहानपणी बाईंपुढे डबा धरून मी हेच तर म्हणत असे. चार वर्षांच्या स्पॅनिशने जे सांगितले नाही, ते माझ्या मराठीला ठाऊकच होते. मी मात्र तिला घरी ठेवून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी माझी पाण्याची बाटली घेऊन त्या मुलीपाशी गेले. "दामे आब्रिएन्दो," म्हटले. ती लहान म्हणून 'देमे'ऐवजी 'दामे'. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, झाकणाशी झटली आणि बाटली परत दिली. बोलली काहीच नाही. पण त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर आला. अर्धाच, पण आला.

आता अमेरिकेतल्या माझ्या वर्गात देशोदेशींची मुले असतात. कुणी काही वेगळे बोलले की लाल पेन उचलण्याआधी मी विचारते, "तुमच्या घरी काय म्हणतात?"