वर्गणी आपली, पण जबाबदारी शासनाची!

मालाडच्या कुरार, आप्पापाडा, मालवणी या कष्टकऱ्यांच्या वस्त्या. वस्तीत कोणी आजारी पडले की आमच्या विहारात वर्गणीची वही निघते. कोणी शंभर देतो, कोणी पन्नास. धुणीभांडी करणारी भगिनीही वीस रुपये आणून देते. मागे रंगकाम करणारा आमचा एक बांधव परांचीवरून पडला. जवळच्या एका इस्पितळात नेले, तर आधी अनामत भरा म्हणाले. रात्री अकरा वाजता वही घेऊन आम्ही दारोदार फिरलो. पैसे जमले, बांधव वाचला. पण दुसऱ्या दिवशी हिशेब लिहिताना आमच्या मनात प्रश्न आला, हे काम मुळात कोणाचे?

इतरांनी दुर्लक्ष केलेल्या आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली. ती करुणा हा आमचा धम्म आहे. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी गरिबाचे आरोग्य केवळ कोणाच्या दयेवर सोपविले नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले.

कोणी म्हणेल, ही तर मार्गदर्शक तत्त्वे. त्यांच्यासाठी कोर्टात जाता येत नाही. त्यांनी हकीम शेख या बंगाली मजुराची हकिगत ऐकावी. १९९२ साली तो गाडीतून पडला. डोक्याला मार लागला असताना एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला परत पाठविले. शेवटी खासगी इस्पितळात सुमारे सतरा हजार रुपये खर्चावे लागले. त्याच्या मजूर संघटनेने दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी इस्पितळाने तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग होय. पैसे नाहीत ही सबब शासनाला सांगता येणार नाही. हकीमला २५ हजारांची भरपाई मिळाली. संघटना होती म्हणून मिळाली!

सार्वजनिक रुग्णालयाचे मोल मालाडकरांना सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये पिंपरीपाडा, आंबेडकरनगरच्या झोपड्यांवर जलाशयाची भिंत कोसळली, तेव्हा जखमींना कांदिवलीच्या शताब्दीत, जोगेश्वरीच्या ट्रॉमात, कूपरमध्ये नेण्यात आले. शताब्दीच्या पाटीवर तर बाबासाहेबांचेच नाव आहे. पण नुसत्या पाटीने रोगी बरा होत नाही. आत डॉक्टर, परिचारिका आणि औषधे असावी लागतात.

आता विम्याचे कार्ड आले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे मोठ्या शस्त्रक्रियांना आधार मिळतो, हे आम्ही मान्य करतो. पण ती योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. लेकराचा ताप, म्हातारीचा खोकला, रोजची मधुमेहाची गोळी यांना जवळचा सरकारी दवाखानाच लागतो. कार्ड हे दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि आमची चूकही सांगतो. त्या रात्रीचे इस्पितळ धर्मादाय होते, हे आम्हाला नंतर कळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. आम्ही सुशिक्षित म्हणविणारे, पण आम्हालाच हे ठाऊक नव्हते!

म्हणून बंधू-भगिनींनो, वर्गणीची वही बंद करू नका. मात्र तिच्या पहिल्या पानावर जवळच्या पालिका दवाखान्यांची आणि धर्मादाय इस्पितळांची नावे लिहा. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला प्रत्येक घरात तयार ठेवा. दवाखान्यात डॉक्टर नसेल, औषध नसेल, तर तारीख टाकून त्याच वहीत नोंद करा आणि त्या नोंदी घेऊन सर्वांच्या सह्यांनिशी वॉर्ड ऑफिसात जा. करुणा आपण करूच. पण हक्क सोडून नव्हे.

जयभीम!