नोटेची किंमत कोण सांभाळतं?

परभणीतल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द असत. हाली म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा रुपया, कलदार म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा. 7 हाली मोजले की 6 कलदार मिळत. संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं, 1951 मध्ये नवे हाली काढणं थांबलं आणि 1959 मध्ये हाली रद्द झाला. चांदीच्या हाली नाण्याला त्यानंतरही सराफाकडे धातूचं मोल होतं. न बदललेली हाली नोट मात्र नुसता कागद ठरली.

आपल्या खिशातली नोटही अशीच हुकमी चलन आहे, म्हणजे कायद्याच्या आणि लोकांच्या विश्वासाच्या जोरावर चालणारा पैसा. इथे एक समज हमखास चुकतो: प्रत्येक नोटेमागे तेवढंच सोनं ठेवलेलं असतं. तसं नसतं. 1957 पासूनच्या नियमानुसार रिझर्व्ह बँकेला नोटांमागे सोनं आणि परदेशी रोखे मिळून किमान 200 कोटी रुपयांचे ठेवावे लागतात, त्यात सोनं किमान 115 कोटींचं. बाकी आधार मुख्यतः रोख्यांचा.

मग भरमसाट नोटा का छापत नाहीत? कारण बाजारात माल तेवढाच राहिला आणि पैसा वाढला, तर त्याच मालाला जास्त पैसे मोजावे लागतात. भाव असे सर्वसाधारणपणे चढत जाणं म्हणजे महागाई, किंवा चलनवाढ. तिला दुसरीही कारणं असतात: पाऊस लांबला, डिझेल महागलं, डाळीचं पीक गेलं.

महागाई मोजायला सरकार घरखर्चातल्या वस्तूंची टोपली ठरवून तिचा भाव दरमहा तपासतं. इथे दुसरी गफलत होते. समजा, 100 रुपयांचा किराणा वर्षभरात 6 टक्क्यांनी वाढून 106 झाला. पुढच्या वर्षी महागाई ‘4 टक्क्यांवर उतरली’, तर तो 110 रुपये 24 पैशांना मिळेल. दर उतरला, भाव चढलाच. म्हणून ‘महागाई घटली’ ही बातमी वाचून दुकानात गेलेल्या माणसाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

रिझर्व्ह बँकेला महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, 2 ते 6 च्या मर्यादेत ठेवायची असते. 2016 पासून सहा जणांची पतधोरण समिती त्यासाठी रेपो दर ठरवते. सरकारी रोखे तारण ठेवून बँका रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीचं कर्ज घेतात, त्यावरचं व्याज म्हणजे रेपो दर. तो वाढला की बँकांचं कर्ज महागतं, लोक खरेदी पुढे ढकलतात आणि मागणी हळूहळू थंडावते. मे 2022 मध्ये 4 टक्के असलेला दर फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 टक्क्यांवर नेला होता. परिणाम दिसायला बरेच महिने जातात.

आपलं गृहकर्ज बदलत्या व्याजाचं असेल, तर इथे जागरूक राहा. दर वाढल्यावर हप्ता तेवढाच राहिला म्हणून निश्चिंत होऊ नका. बऱ्याचदा मुदत लांबलेली असते आणि एकूण व्याज खूप वाढतं. हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बजावलं आहे. शाखेत जाऊन उरलेल्या हप्त्यांचा तक्ता मागून घ्या.

रेपो दराने कांदा मात्र पिकत नाही. अवकाळी पावसाने भाजी नासली, तर व्याज वाढवून ती बाजारात येणार नाही. अशा वेळी केंद्र सरकार निर्यात थांबवतं किंवा आयात सोपी करतं. कांद्याची निर्यातबंदी 8 डिसेंबर 2023 ला लागली आणि 4 मे 2024 ला उठली, ती सरकारने, रिझर्व्ह बँकेने नव्हे. शहरातली थाळी स्वस्त ठेवण्याचा असा भार शेतकऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. सोयाबीन पिकवणाऱ्या परभणीकराने खाद्यतेलाच्या आयात शुल्काच्या बातमीवरही रेपो दराइतकंच लक्ष ठेवावं: शुल्क उतरलं की बाहेरचं तेल स्वस्त पडतं आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, सोयाबीनच्या भावावर दाब येतो.