कावळ्याने नेमके किती खडे टाकले? गोष्टीच्या पुस्तकातून गणित शिकवताना

पैठणच्या मुलांना जायकवाडीचे दरवाजे समजावून सांगावे लागत नाहीत. पावसाळ्यात पाणी सोडलं की अर्धं गाव बघायला जातं. म्हणून मागे एकदा तिसरीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण लिहिलं : धरणाला 27 दरवाजे आहेत, 18 उघडले, बंद किती राहिले? एका मुलाने पाटीवर 45 लिहून दाखवलं. मी विचारलं, "45 दरवाजे आले कुठून रे?" तो गोंधळला आणि म्हणाला, "टीचर, जोडना था के घटाना था?"

याच मुलाला 27 वजा 18 असं मांडून दिलं की तो दशक सुटा करून बिनचूक 9 काढतो. म्हणजे वजाबाकी त्याला येते. त्याला फक्त हे कळलं नव्हतं की त्या ओळीत काहीतरी घडतंय. त्याने दोन आकडे पाहिले आणि बेरीज करून मोकळा झाला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1979 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात सात ते नऊ वर्षांच्या 97 मुलांना एक प्रश्न दिला होता : जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? त्यांपैकी 76 मुलांनी आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून उत्तर दिलं. मेंढ्यांचा आणि वयाचा संबंध काय, असं त्यांनी विचारलंच नाही. शाळेने त्यांना शिकवलेलं असतं की आकडे दिसले की हिशोब करायचा. वाचून समजून घेणं हे भाषेच्या तासाचं काम.

गोष्टीच्या पुस्तकाचा उपयोग इथे होतो. गोष्ट ऐकताना कुठलंही मूल "जोडना के घटाना" विचारत नाही. ते त्या प्रसंगात असतं. आपण फक्त योग्य जागी थांबायचं.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घ्या. ही प्रत्येक घरात माहीत आहे. आपण ती दोन मिनिटांत सांगून "अक्कल वापरावी" असं म्हणून मोकळे होतो. मी वर्गात मध्येच थांबले आणि विचारलं, किती खडे टाकले असतील? कोणी दहा म्हणालं, कोणी शंभर. एक मुलगी म्हणाली, "खडे कित्ते बडे थे?" हा प्रश्न म्हणजे गणित. अंदाज कशावर अवलंबून असतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग दोन सारखे काचेचे ग्लास आणले. एकात दोन बोटं पाणी, दुसऱ्यात निम्म्याहून बरंच जास्त. अंगणातले खडे मोजून टाकायला सुरुवात केली. दुसऱ्या ग्लासात पाणी हळूहळू काठाला आलं. पहिल्यात मात्र खडे काठापर्यंत भरले तरी पाणी खालीच, खड्यांच्या फटींमध्ये बसलेलं. चोच घालायला जागाच नाही! वर्गात एकच गलका झाला, "कौव्वा झूठा है!" पाणी सुरुवातीला साधारण निम्मं तरी नसेल तर खडे टाकून काही होत नाही, हे मुलांनी स्वतः शोधलं. आकारमान हा शब्द पाठ्यपुस्तकात त्यांना पुढे कधीतरी भेटेल. घरी करायचं तर ग्लास आणि खडे एवढंच लागतं. (खडे आधी धुऊन घ्या, मी नव्हते घेतले.)

पुस्तक नुसतं हातात असण्यातही गणित आहे. मुलाने आज पान 14 पासून पान 20 पर्यंत वाचलं, तर किती पानं झाली? मोठी माणसंसुद्धा पटकन 6 म्हणतात. बोटं ठेवून मोजा, 7 होतात, कारण पहिलं पानही धरायचं असतं. "5 तारखेपासून 12 तारखेपर्यंत किती दिवस" या प्रश्नात मुलं अडकतात तीही इथेच.

आपल्या घरातल्या मुलांचा आणखी एक गुंता आहे. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातली संख्या डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. त्यात संख्येचं नाव. मराठीत सदुसष्ट, उर्दूत सडसठ. दोन्हींत आधी सात ऐकू येतो, मग साठ. मूल ऐकल्याप्रमाणे 76 लिहितं आणि आपण म्हणतो लक्ष नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सदुसष्टसाठी "साठ सात" असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं एवढंच होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं गणिताला घाबरतात. भाषेचं काय होईल ही लोकांची काळजीही समजते. मला विचाराल तर मी दोन्ही म्हणून घेते. गोष्टीत 67 आला की "साठ और सात, सडसठ, सदुसष्ट" असं एका दमात. पाचसहा गोष्टींनंतर मुलं स्वतःच म्हणायला लागतात.

आता घरातल्या मोठ्यांबद्दल. पालकसभेत एक अम्मी मुलीच्या समोरच म्हणाल्या, "हमारे खानदान में हिसाब किसी को नहीं आता." मुलगी तिसरीत. तिने ते ऐकलं आणि मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याची जास्त भीती वाटली. आठवीत "मला गणित नको" म्हणणारी मुलगी तिसरीतच तयार झालेली असते.

या अम्मी घरी शिवणकाम करतात. अस्तर सव्वा मीटर लागेल की दीड, हे कापड बघून सांगतात. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच (उर्दूत सवा, डेढ, पौने दो, ढाई) हे सगळे अपूर्णांक आहेत आणि ते आपल्या बोलण्यात आधीपासून आहेत. शाळेत मात्र तेच एकावर एक आकडे होऊन येतात आणि परके वाटतात.

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी पहिलीतल्या 587 मुलांवर केलेला एक अभ्यास 2015 मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आला. काही घरांना टॅबलेटवर छोट्या गोष्टी आणि त्यांच्याबरोबर एकदोन गणिती प्रश्न दिले, काहींना नुसतं वाचन. वर्षअखेर गणिताच्या गोष्टी वाचणारी मुलं पुढे दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो ज्या आईवडिलांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती त्यांच्या मुलांना. माझ्या समजुतीने कारण साधं आहे. अशा घरांत गणितावर बोलणंच होत नाही. गोष्टीमुळे बोलायला निमित्त मिळतं.

मोठ्या मुलांसाठी, पाचवी-सहावीच्या पुढे, उंटांची गोष्ट काढा. बापाने वसीयत केली : 35 उंटांपैकी निम्मे थोरल्याला, तिसरा हिस्सा मधल्याला, नववा हिस्सा धाकट्याला. 35 चे निम्मे होत नाहीत, भांडण पेटलं. एक मुसाफिर आपल्या सोबत्याचा उंट त्यात घालतो. आता 36. थोरल्याला 18, मधल्याला 12, धाकट्याला 4. प्रत्येकाला हक्कापेक्षा थोडं जास्तच मिळालं. बेरीज 34. दोन उंट उरले. एक सोबत्याला परत, एक मुसाफिराचा मेहनताना! हे कसं झालं? एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक नवमांश यांची बेरीज पूर्ण एक होत नाही, सतरा अठरांश होते. बापाने सगळे उंट वाटलेच नव्हते. घरात खजुरांवर करून पाहा, 36 खजूर लागतील. (शरीअतमधले विरासतीचे हिस्से वेगळे आहेत, मुलं विचारतातच, म्हणून सांगून ठेवते.) ही गोष्ट बगदादच्या पार्श्वभूमीवरच्या एका पुस्तकात आहे, पण लिहिणारा ब्राझीलचा गणित शिक्षक. जुलिओ सेझर हे त्याचं खरं नाव, "मालबा तहान" या अरबी वाटणाऱ्या टोपणनावाने तो लिहायचा. पुस्तक 1938 चं. ब्राझीलमध्ये त्याचा जन्मदिवस, 6 मे, गणित दिन म्हणून पाळतात.

आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, तिथून जवळ पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख तिथे आहे. त्यांचं 1150 चं "लीलावती" हे गणिताचं पुस्तक भुंगे, मोर, साप, मोडलेला बांबू यांनी भरलेलं आहे. भुंग्यांचा थवा : पाचवा हिस्सा एका झाडावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोन हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळतोय. एकूण किती? उत्तर 15, पण मुलांना आधी सांगू नका. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये या ग्रंथाचा फारसीत तर्जुमा केला. लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्याने टळला, ही सगळीकडे सांगितली जाणारी कहाणी आपल्याला फैजीच्याच प्रस्तावनेतून मिळते.

पुस्तकं कुठून आणायची, असं नेहमी विचारतात. प्रथम बुक्सचं "स्टोरीवीव्हर" 2015 पासून आहे, फोनवर फुकट वाचता येतं, मराठी आणि उर्दू दोन्हींत. काही गोष्टी दोन्ही भाषांत त्याच चित्रांसह सापडतात. मूल मराठीत वाचेल, अम्मी किंवा नानी उर्दूत. बालभारतीच्या "किशोर" मासिकाचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत आहेत. गणिताचं पुस्तक असं वर लिहिलेलं असायला हवं असं अजिबात नाही.

एक मात्र सांगते. दर पानावर प्रश्न विचारू नका. एका गोष्टीत एकदा, फार तर दोनदा थांबा. मी सुरुवातीला सात-आठ प्रश्न काढून बसायचे, मुलं जांभया द्यायची. आणि उत्तर चुकलं तर लगेच "गलत" म्हणू नका, "कैसे निकाला?" विचारा.

तो 45 दरवाजेवाला मुलगा गेल्या आठवड्यात पुढच्या बाकावर बसला होता. मी लांडगा आणि सात करडांची गोष्ट वाचत होते. लांडग्याने एकेक करून सहा गिळली आणि ढेकर देत निघाला. मी पान उलटायच्या आत तो ओरडला, "टीचर, रुको! एक छुपा है कहीं."