गेमिंग पीसीचं कोटेशन कसं वाचायचं? पार्ट निवडताना मी केलेली चूक तुम्ही करू नका

२०२४ च्या दिवाळीआधी महिनाभर इचलकरंजीहून माझ्या आतेभावाचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. दुकानदाराने कागदावर लिहून दिलेलं कोटेशन होतं:

आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट, ४५० वॉट एसएमपीएस, २२ इंची मॉनिटर. सगळं मिळून ४५,००० रुपये.

खाली मेसेज: "दादा, ६५ चं बजेट होतं, ४५ मध्येच बसतंय. उद्या ॲडव्हान्स देऊ का?"

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "एक रुपया देऊ नकोस." कारण जवळजवळ असंच कोटेशन २०१९ मध्ये मी घेतलं होतं, बाबांच्या बोनसमधून. जीटीए ५ अडखळत चालायचा, आणि दीड वर्षाने एका रात्री कॅबिनेटमधून 'फट्ट' आवाज येऊन पीसी कायमचा बंद पडला. आतेभावाचे ६५ हजार तर मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात दोन वर्षं काम करून साठवलेले होते.

पुढचे तीन दिवस आम्ही ते कोटेशन ओळीओळीने वाचलं. तेच आज तुमच्यासोबत वाचतोय.

फोन घेण्यात आणि पीसी घेण्यात फरक काय?

बहुतेक फोनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स, मॉडेम सगळं एकाच चिपमध्ये असतं. कंपनीने ते जुळवूनच दिलेलं असतं. आपण फक्त मॉडेल निवडतो. पीसीमध्ये प्रत्येक भाग वेगळा मिळतो, त्यामुळे जुळवायचं काम आपलं. एक भाग फार ताकदवान आणि दुसरा कमजोर असेल, तर ताकदवान भागाचे पैसे वाया जातात.

वडापावच्या गाडीवर एक जण वडे तळतो, दुसरा पावाला चटणी लावून गिऱ्हाईकाला देतो. तळणारा कितीही झपाट्याचा असला, तरी देणारा हळू असेल तर रांग पुढे सरकत नाही. गेममध्ये प्रोसेसर ठरवतो की पडद्यावर काय घडतंय, आणि ग्राफिक्स कार्ड ते चित्र काढतं. दोघांतला जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो.

सुरुवात मॉनिटरपासून करा

बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात आणि उरलेल्या पैशात मॉनिटर घेतात. मी उलटं सांगेन. आधी दोन प्रश्न: कोणते गेम खेळणार? आणि कोणत्या मॉनिटरवर?

फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० च्या पडद्यावर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० × १४४० वर जवळपास ३७ लाख, आणि ४के वर ८३ लाख. म्हणजे ४के वर ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्रासाठी फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात.

दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, १४४ हर्ट्झचा १४४. तुमचं कार्ड ४० च चित्रं काढत असेल तर १४४ हर्ट्झचा फायदा नाही. आणि कार्ड १५० काढत असेल पण मॉनिटर ६० चा असेल, तर वरची चित्रं तुम्हाला दिसतच नाहीत.

आतेभावाचं उत्तर सरळ होतं: व्हॅलोरंट आणि जीटीए ५, अधूनमधून नवीन मोठे गेम, पडदा फुल एचडी. तिथेच अर्धी यादी ठरली.

'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणजे नक्की कोणतं?

कोटेशनमध्ये कार्डाचं नाव नव्हतं, फक्त ४ जीबी. दुकानदाराला विचारल्यावर कळलं: जीटी ७३०. हे मॉडेल २०१४ चं.

कार्डावरचे जीबी म्हणजे गोदामाची जागा, हमालाचा वेग नव्हे. डीडीआर३ मेमरीच्या जीटी ७३० मध्ये सेकंदाला २९ जीबीहून कमी डेटा ये-जा करतो. रेडिऑन आरएक्स ६६०० मध्ये हाच आकडा २२४ जीबी आहे. त्यात चित्र काढणारी चिपही कितीतरी पटींनी ताकदवान. म्हणून '२ जीबी', '४ जीबी' ऐकून खूश होऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर मागा.

आमच्या बजेटमध्ये आरएक्स ६६०० बसत होतं: ८ जीबी मेमरी, १३२ वॉट वीज, फुल एचडीसाठी छान. त्याच सुमाराच्या किमतीत मिळणारं आरटीएक्स ३०५० गेममध्ये त्याच्या मागे पडतं. पण तुम्ही ब्लेंडर वापरत असाल किंवा व्हिडिओ एडिटिंग बरंच करत असाल, तर एनव्हिडियाचं कार्ड घेणं सोयीचं, कारण अशी बरीच सॉफ्टवेअर त्यावर जास्त चांगली चालतात.

सेकंड हँड कार्डाचा मोह होतोच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. सगळी खराब नसतात, पण समोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय आणि वॉरंटी शिल्लक असल्याशिवाय घेऊ नका.

आय-७ आहे, पण कोणत्या सालचा?

माझी २०१९ ची सगळ्यात मोठी फसगत हीच. 'आय-७' ऐकलं आणि मान डोलावली. आतेभावाच्या कोटेशनमधला आय-७ निघाला ३७७०. पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी, २०१२ ची. त्यात ४ कोर आणि ८ थ्रेड. २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१०० मध्येही ४ कोर आणि ८ थ्रेडच आहेत, आणि तो त्या जुन्या आय-७ ला सहज मागे टाकतो. नाव लहान, काम मोठं.

आणखी एक अडचण. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घ्यायचा, तोच अडकणार.

आम्ही रायझन ५ ५६०० घेतला: ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॉट, कूलर खोक्यातच मिळतो. इंटेलमध्ये आय-५ १२४००एफ हा त्याच तोडीचा. दोघांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा: यांच्यात ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावामागचा 'एफ' तेच सांगतो. कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही.

बजेट ३५-४० हजारच असेल तर? मग जुना आय-७ नको. रायझन ५ ५६००जी घ्या. त्यात ग्राफिक्स आतच आहे. व्हॅलोरंटसारखे हलके गेम चालतात, आणि पैसे जमले की कार्ड घालता येतं.

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी: थोडक्यात

मदरबोर्डवर गेमचा वेग फारसा अवलंबून नसतो, पण प्रोसेसरचं सॉकेट जुळलंच पाहिजे. रायझन ५ ५६०० एएम४ सॉकेटचा आहे, म्हणून बी५५० चिपसेटचा साधा बोर्ड पुरला. जुना स्टॉक असेल तर बायोस अपडेट करावं लागू शकतं, खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' स्टिकर आहे का बघा. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ कडे जा, मात्र तिथे फक्त डीडीआर५ रॅम चालते आणि खर्च वाढतो.

रॅम १६ जीबी हवी असेल तर ८-८ च्या दोन काड्या घ्या. दोन काड्या असल्या की प्रोसेसरला रॅमपर्यंत दोन रस्ते मिळतात. आणि ३२०० ची रॅम घेतली तरी बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय ती बहुतेक वेळा कमी वेगाने चालते. हे काम फुकटचं आहे, तरी बरेच जण करत नाहीत.

एसएसडी एनव्हीएमई घ्या. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० पर्यंत, जेन ३ ची चांगली एनव्हीएमई ३,५०० पर्यंत. यामुळे गेममधली चित्रं वाढत नाहीत, पण गेम उघडायला लागणारा वेळ खूप कमी होतो.

एसएमपीएस: इथे पैसे वाचवू नका

आता त्या 'फट्ट' आवाजाकडे येऊ. माझ्या कॅबिनेटसोबत एसएमपीएस 'फ्री' होता. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. तो गेला तेव्हा एकटा गेला नाही, मदरबोर्डही घेऊन गेला.

नंतर मी त्याचं लेबल नीट वाचलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांना मुख्य वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून मिळते. लेबलवर १२ व्होल्टसमोर लिहिलं होतं १६ अँपिअर. दहावीचं विज्ञान आठवा: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. १२ × १६ = १९२. म्हणजे ४५० च्या नावाखाली कामाचे १९२ वॉट!

आमच्या नव्या पीसीचा हिशोब असा: कार्ड १३२ वॉट, प्रोसेसर ७५ च्या आसपास, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी धरून ५०-६०. एकूण २७० च्या आत. कार्ड क्षणभर जास्तही ओढतं आणि उन्हाळ्यात खोली तापते, म्हणून आम्ही ५५० वॉटचा घेतला.

८० प्लस ब्रॉंझचा बॅज सांगतो की अर्ध्या लोडवर किमान ८५ टक्के वीज कामी येते. तो बॅज सुरक्षिततेचा नाही. त्यासाठी ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, आणि वॉरंटी किती वर्षांची, ते बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी सहसा आत भंगार घालत नाही.

अजून एक. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो पीसीचा दोष नसून बहुधा सॉकेटला अर्थिंग नसल्याचा पुरावा आहे. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग पीसी चालू करा.

शेवटी आमची यादी

आतेभाऊ रात्रीच्या बसने मुंबईला आला. ग्रँट रोड स्टेशनला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलो. बिलावरचे आकडे साधारण असे:

रायझन ५ ५६०० – ११,०००
आरएक्स ६६०० – २०,५००
बी५५० मदरबोर्ड – ८,५००
८ + ८ जीबी डीडीआर४ रॅम – ३,५००
५०० जीबी एनव्हीएमई – ३,३००
५५० वॉट ब्रॉंझ एसएमपीएस – ४,२००
जाळीचं कॅबिनेट, तीन पंखे – ३,५००
२४ इंची फुल एचडी, १४४ हर्ट्झ मॉनिटर – ९,५००
कीबोर्ड-माऊस – १,०००

एकूण ६५,०००. हे तेव्हाचे भाव. २०२५ च्या अखेरीपासून रॅम तर कडाडलीच आहे. म्हणून आकडे नाही, प्रमाण लक्षात ठेवा: मॉनिटर सोडून बाकी पीसीच्या खर्चातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग ग्राफिक्स कार्डावर, आणि एसएमपीएससाठी वेगळे पैसे आधीच बाजूला.

एका दुकानात ऑफर मिळाली, "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल." १८ टक्के म्हणजे मोह मोठा. पण पुढे कार्ड बिघडलं तर सर्व्हिस सेंटरवाला पहिली गोष्ट मागतो ती बिल. आम्ही पक्कं बिल घेतलं, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून.

घरी जोडून चालू केला, पंखे फिरले, पण पडदा काळा. आतेभावाचा चेहरा पांढरा पडला. मी मागे वाकून बघितलं: एचडीएमआय केबल मदरबोर्डात लावलेली होती. काढून ग्राफिक्स कार्डात लावली आणि पडदा उजळला.

गेल्या आठवड्यात त्याच्या मित्राचं कोटेशन त्याने मला फॉरवर्ड केलं. सोबत त्याने स्वतःच दुकानदाराकडून मागवलेला एसएमपीएसच्या लेबलचा फोटो होता, आणि १२ व्होल्टच्या आकड्याभोवती लाल गोल.