मूकपटातील प्रणयनाट्य आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न : ‘अनारकली’ (१९२८) – एक अभ्यास

प्रस्तावना :
१९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून मूकपटांचे युग सुरू झाले आणि १९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आल्यानंतर ते लवकरच संपुष्टात आले. या काळात भारतात सुमारे १,३०० मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी मोजकेच आज उरले आहेत. त्यामुळे या कालखंडाचा अभ्यास करताना कथाविषय, कलावंतांची निवड आणि त्यांना पडद्यावर मिळालेली नावे यांना विशेष महत्त्व येते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीच्या ‘अनारकली’ (१९२८) या प्रणयप्रधान मूकपटाच्या आधारे विविधता आणि प्रतिनिधित्व या दोन संकल्पनांचा विचार केला आहे. निर्मितीत कोणकोणत्या समाजांतील माणसे सहभागी झाली, हा विविधतेचा प्रश्न होय; तर पडद्यावर कोणाचे जीवन आणि कोणाची ओळख दिसली, हा प्रतिनिधित्वाचा.

कलावंतांमधील विविधता :
आर. एस. चौधरी दिग्दर्शित या चित्रपटात अनारकलीची भूमिका सुलोचना यांनी, तर सलीमची भूमिका पारशी समाजातील दिनशा बिलिमोरिया यांनी केली. कंपनीचे संस्थापक आर्देशिर इराणी हेही पारशी होते. सुलोचना यांचे मूळ नाव रूबी मायर्स. त्यांचा जन्म १९०७ साली पुण्यात बगदादी ज्यू कुटुंबात झाला. चित्रपटात येण्यापूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. मोघल दरबारातील मुस्लिम प्रेमकथा ज्यू अभिनेत्री व पारशी अभिनेता यांनी साकार करावी, ही घटना त्या काळी अपवादात्मक नव्हती. त्याच सुमारास इम्तियाज अली ताज यांच्या नाटकावर आधारलेला याच कथेचा दुसरा मूकपट तयार झाला. त्यातील नायिका सीतादेवी या अँग्लो-इंडियन असून त्यांचे मूळ नाव रेनी स्मिथ होते.

विविधतेची कारणे :
या विविधतेमागे केवळ उदार दृष्टी होती असे म्हणता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला पडद्यावर आल्या, तरीही पुढे दीर्घकाळ ‘कुलीन’ घरांतील स्त्रियांना हे क्षेत्र निषिद्धच राहिले. ही पोकळी प्रामुख्याने अँग्लो-इंडियन व ज्यू समाजांतील आणि गायन-नर्तनाची परंपरा असलेल्या घराण्यांतील स्त्रियांनी भरून काढली. मात्र त्यांनाही हा मार्ग निःसंकोचपणे स्वीकारता आला नाही. दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी प्रथम विचारणा केली तेव्हा रूबी मायर्स यांनी नकार दिला होता. कारण अभिनय हा स्त्रियांसाठी प्रतिष्ठित व्यवसाय मानला जात नव्हता.

मूकपटात भाषेचा अडसर नव्हता. संवाद पाट्यांवर येत आणि पाट्यांचा मजकूर बहुधा एकाहून अधिक भाषांत असे. त्यामुळे हिंदुस्तानी सफाईने न बोलणारी अभिनेत्रीही देशभर लोकप्रिय होऊ शकली.

प्रतिनिधित्वाच्या मर्यादा :
अनारकलीची आख्यायिका एका दासीची आहे. युवराजावर प्रेम केल्याबद्दल तिला भिंतीत चिणले जाते. सत्तेपुढे असहाय असलेल्या सामान्य स्त्रीला या प्रणयनाट्याने केंद्रस्थान दिले, हे त्याचे महत्त्व होय. परंतु भूमिका साकारणाऱ्या स्त्रीची स्वतःची ओळख मात्र झाकली गेली. रूबी मायर्सची ‘सुलोचना’ आणि रेनी स्मिथची ‘सीतादेवी’ झाली. समाजाने त्यांचा चेहरा स्वीकारला, नाव बदलूनच.

जातीच्या बाबतीत मर्यादा अधिक कठोर होत्या. मलयाळम चित्रपटसृष्टीतील ‘विगतकुमारन’ या पहिल्या मूकपटात पी. के. रोझी या दलित अभिनेत्रीने नायर स्त्रीची भूमिका केली. सवर्ण प्रेक्षकांच्या हिंसक विरोधामुळे त्यांना गाव सोडावे लागले. धर्मभेद ओलांडून भूमिका करणे शक्य होते. जातीची उतरंड ओलांडणे मात्र क्षम्य नव्हते, असे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसून येते.

बोलपटानंतर :
बोलपट येताच भाषा ही नवी अट झाली. सुलोचना यांनी सुमारे वर्षभर हिंदुस्तानीचा अभ्यास केला आणि ‘माधुरी’ (१९३२) या बोलपटातून पुनरागमन केले. १९३५ च्या बोलपटात त्या पुन्हा अनारकली झाल्या. १९५३ च्या ‘अनारकली’त त्यांनी सलीमच्या मातेची भूमिका केली. १९७३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने त्यांच्या कार्याचा गौरव झाला.

निष्कर्ष :
‘अनारकली’च्या उदाहरणावरून असे म्हणता येईल की, विविधता गरजेतून निर्माण होऊ शकते, प्रतिनिधित्वासाठी मात्र समाजाची संमती लागते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात आज अनेक प्रांतांतील माणसे एकत्र काम करतात. त्यांचे श्रम जितक्या सहजतेने स्वीकारले जातात, तितक्या सहजतेने त्यांचे नाव, भाषा आणि ओळख स्वीकारली जाते का, हा प्रश्न येथील समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनाही टाळता येणार नाही.