लिखाणाचं पंचांग

हौसेने लिहायला लागलेल्यांची लेखणी बहुधा पाच-सहा लेखांनंतर अडते. मनात साठलेलं सगळं एकदम उतरून जातं आणि पुढे काय लिहावं ते सुचत नाही. सोलापुरात राहणाऱ्यावर ही वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने १०८ पत्रं लिहिली. सुरुवात केली तेव्हा ते पंचविशीत होते, शिवाय सरकारी नोकरी होती. तरी ते लिहीत राहिले, कारण पत्र छोटं असे आणि एका विषयाला धरून असे.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेला हीच रीत लावून पाहा. ‘सिद्धेश्वर यात्रा’ असा एकच लेख लिहिलात, तर त्याचं माहितीपत्रक होतं आणि विषयही तिथेच संपतो. त्यापेक्षा यात्रेआधी नंदीध्वजांचा सराव बघून या. एवढी उंच काठी तोल सांभाळत पेलायला माणूस शिकतो कसा, यावर एक लेख होतो. तैलाभिषेक अडुसष्ट लिंगांना होतो, तुम्ही घराजवळचं एकच घ्या. अक्षता सोहळ्याच्या दिवशी घराघरात बाराबंदी बाहेर निघते. ती कुणी शिवली, कुणाची कुणाला आली, हा आणखी एक.

यात्रेच्या तोंडावरच १२ जानेवारी येते. १९३१ साली या दिवशी सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन तर विशीतच ‘गझनफर’ हे पत्र चालवत होते. दरवर्षी या चौघांवर तोच मजकूर छापून येतो. तुम्ही घरात विचारा. १९३० साली सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉबद्दल आजीने तिच्या आईकडून काय ऐकलं? पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी हे तेलुगूत सांगितलं जातं, कुठे कन्नडमध्ये, कुठे उर्दूत. त्यातलं फार थोडं मराठी कागदावर आलं आहे, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.

म्हणून वहीत महिन्याला एक पान ठेवा. हुरडा, मालदांडीची काढणी, आषाढीच्या पालख्या आपापल्या पानावर जातील. आजीचं पान मात्र जानेवारीची वाट न पाहता याच आठवड्यात लिहून काढा.